नानांच्या कॅसेटी नव्या गाडीत

गाडी घरी आली त्या संध्याकाळी आईने बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, आणि पुढच्या सीटवर बसून म्हणाली, “आता नानांचं काहीतरी लाव.” त्याचीच तर तयारी होती. पर्समधून पेनड्राइव्ह काढला, खाचेत सारला. सव्वादहा इंची स्क्रीनवर एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, आणि इंग्रजीत पाटी आली: ‘नो म्युझिक फाउंड’.

“काय म्हणतेय?”

“गाणं सापडत नाही म्हणतेय.”

“एवढ्या पैशात?”

गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली, आणि आम्ही सोसायटीला एक मुकी फेरी मारून परत आलो.

नाना म्हणजे माझे वडील. पोस्टात होते. १९८३ च्या दिवाळीत त्यांनी बोनसमधून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला, घेतला आणि त्यानंतर सोळा-सतरा वर्षं कानावर पडेल ते टेप केलं. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. नाना सव्वानऊलाच जेवण उरकून, नव्वद मिनिटांची सी-९० कॅसेट घालून, रेकॉर्ड आणि प्लेच्या बटणांवर दोन बोटं ठेवून बसत. त्या वेळात घरात मिक्सर लावायचा नाही, ट्यूबलाइटचं बटण दाबायचं नाही. दाबलं की रेडिओत खर्रकन् आवाज येई आणि तो कॅसेटवर कायमचा बसे. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपली की आलाप अर्ध्यात असतानाच खट्कन् कॅसेट उलटायची. त्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी रागांच्या पोटात चार-पाच सेकंदांचं भोक आहे. आम्हा बहिणींना ते राग भोकासकट पाठ आहेत.

शिवाय श्रीवर्धनच्या आत्याच्या ओव्या, मागे जात्याची घरघर. गणपतीतल्या आरत्या. उत्सवातली कीर्तनं. माझं चौथीतलं टिळक पुण्यतिथीचं भाषण, ज्यात मी मधेच विसरते आणि नाना हळूच पुढचा शब्द सांगतात. विकतच्या कॅसेटीही होत्या, कर्वे रोडवरच्या अलूरकरांकडून आणलेल्या. त्यांतलं बरंचसं आज फोनवर मिळतं आणि मी ते फोनवरच ऐकते, उगाच जुन्याचा सोस नाही. पण आत्या कुठल्याच ॲपवर नाही.

२०२० च्या टाळेबंदीत जुन्या डेकचा पट्टा बदलून घेतला आणि एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. या कामाला आडवाट नसते. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते. १६४ कॅसेटी, दोनशे तासांच्या वर. मूळ वेव्ह फाइल मिनिटाला दहा एमबी खाते, म्हणजे सी-९० ची एक बाजू साडेचारशे एमबी. त्या एका हार्डडिस्कवर ठेवल्या आणि ऐकण्यासाठी १९२ केबीपीएसच्या एमपीथ्री केल्या. तेवढ्यावर सगळे नाना १८ जीबीत मावले.

आणि ते १८ जीबी गाडीला दिसत नव्हते.

शोरूममध्ये फोन केला. ज्या मुलाने गाडी विकली तो फार गोड बोलायचा. “मॅडम, पेनड्राइव्ह आता कोण वापरतं? ब्लूटूथ लावा ना. नाहीतर गाडीत इंटरनेट आहेच, कुठलंही गाणं बोला, लागेल.” मी म्हटलं, माझ्या आत्याच्या ओव्या लागतील का? तो क्षणभर थांबला. “मॅडम, फिल्मचं नाव काय?”

त्याची चूक नाही. ज्याने ही गाडी बनवली त्याच्याही डोळ्यांपुढे संगीत म्हणजे गाणं: कुणीतरी गायलेलं, कुठल्यातरी अल्बममधलं, तीन-चार मिनिटांचं, आणि ढगातून येणारं. पुढचे दोन महिने मी जे भोगलं ते सगळं या एका समजुतीचं देणं होतं.

ब्लूटूथही करून पाहिलं. सगळे नाना फोनवर घेतले, फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या अँड्रॉइड ऑटोवर व्हीएलसी हे प्लेअरचं ॲप लावलं, आणि खरं सांगायचं तर चाललंही. पण फोन माझा, आणि गाडी घरातल्या सगळ्यांची. मी मागे बसले आणि नवऱ्याने चालवायला घेतली की त्याचा फोन आधी जोडला जाणार, मग माझा जोडायचा म्हणजे गाडी कडेला घ्या. जरा सूर लागला की बहिणीचा फोन. नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या चाळीस टिंग. बोलून आज्ञा देऊन पाहिली. “आत्याच्या ओव्या लाव” म्हटलं, तर गॅसवाल्याला फोन लागला. त्याने विचारलं, “नंबर लावायचाय का?” मी हो म्हटलं, नाहीतरी लावायचाच होता.

तेव्हा परत पेनड्राइव्ह.

गाडीबरोबर आलेली पुस्तिका आम्ही कुणीच उघडली नव्हती. ती कप्प्यातून काढून वाचली, तेव्हा पान दोनशे-काहीवर बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं की फक्त फॅट-३२ या, फाइली मांडून ठेवायच्या एका पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह चालेल. माझा १२८ जीबीचा होता, आणि असे मोठे पेनड्राइव्ह कारखान्यातूनच एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीचे होऊन येतात. बरं, विंडोजमध्ये उजवं बटण दाबून फॉरमॅट करायला जावं तर ३२ जीबीच्या वर फॅट-३२ चा पर्यायच दिसत नाही. फॅट-३२ ला त्याहून मोठा पेनड्राइव्ह चालतो, त्या खिडकीतच तेवढी सोय ठेवलेली नाही. बहिणीच्या मुलाने रूफस नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर सुचवलं, त्याने पाच मिनिटांत काम केलं. सोपा उपाय दुकानातून ३२ जीबीचा साधा पेनड्राइव्ह आणणे हा होता. तो मला नंतर सुचला.

गाडीत एकूण चार खाचा आहेत, त्यांतल्या तीन नुसत्या चार्जिंगच्या. तेही त्याच पानावर होतं.

आता नाना दिसायला लागले. पण कसे? पहिल्यांदा कॅसेट ११२, मग ४, मग ७१. नावानं लावावं असं गाडीला वाटत नव्हतं, तारखेनंही नाही. मी आधी म्हटलं शफल चालू राहिलं असेल. ते बंद होतं.

याचं कारण कळलं तेव्हा मला लग्नातली पंगत आठवली. फॅट पद्धतीत फोल्डरची एक यादी असते, आणि त्या यादीत फाइली ज्या क्रमाने येऊन बसतील त्याच क्रमाने बसून राहतात. वय नाही, मान नाही, जो आधी आला त्याचा पहिला पाट. कॉम्प्युटर आपल्याला दाखवताना त्यांना नावाप्रमाणे लावून दाखवतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं शिस्तीत आहे. माझी गाडी तसलं काही करत नाही. ती पाटांवरून सरळ वाढत सुटते. आणि मधला कुणी उठला, म्हणजे एखादी फाइल पुसली, तर नंतर येणारा पाहुणा खुशाल त्या रिकाम्या पाटावर बसतो. मी कॅसेट ४० चा आवाज थोडा स्वच्छ करून परत टाकली, तर ती जाऊन भलतीकडेच बसली.

यावर औषध आहे. फॅटसॉर्ट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम ही यादीच नीट लावून देतो. विंडोजवर त्याच कामाचा ड्राइव्हसॉर्ट आहे. भाचा म्हणाला, “मावशी, दे इकडे, माझ्या मॅकवर करतो.” केलंन्. क्रम लागला. पण आता प्रत्येक बाजू दोनदा दिसायला लागली, आणि त्यांतली एक मुकी! मॅक अशा पेनड्राइव्हवर लिहिताना प्रत्येक फाइलीबरोबर, टिंब आणि अधोरेघेने सुरू होणाऱ्या नावाची एक चिमुकली लपलेली फाइल ठेवतो. कॉम्प्युटरवर ती दिसत नाही. गाडीला दिसते, आणि तिच्या नावाच्या शेवटी एमपीथ्री असल्यामुळे गाडी ती वाजवायला जाते, शून्य सेकंद वाजवते, आणि मग खरी लावते. मॅकवरच्या डॉट-क्लीन या आज्ञेने त्या झाडून काढल्या. आणि मग अर्थात यादी पुन्हा लावली.

क्रमाचं आणखी एक. मी फोल्डरना १, २, ३ असे नंबर दिले होते. नावाप्रमाणे लावलं की १ नंतर १० येतो, मग १००, मग १०१, आणि २ येतो तो शंभरीच्या सगळ्या पाहुण्यांनंतर. ००१, ००२ करावं लागलं. नानांनी प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर लाल शाईने ‘००१’ असंच लिहिलेलं होतं, आणि मी उतरवताना ती शून्यं अडाणीपणा समजून गाळली होती. पोस्टातला माणूस. त्यांना कळत होतं.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, आता स्क्रीनवर नावं नीट दिसली की सुटलो. इथे माझे तीन आठवडे गेले आणि इथेच माझी हार झाली.

एमपीथ्री फाइलीच्या आत एक चिठ्ठी असते: गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, प्रकार. मी ती एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमधून मोठ्या हौसेने मराठीत भरली होती. गाडीने ती वाचली आणि स्क्रीनभर रोमन ए उगवले, प्रत्येकाच्या डोक्यावर तिरकी रेघ. कारण असं की चिठ्ठीच्या २.४ आवृत्तीत मजकूर यूटीएफ-८ या, अक्षरं साठवायच्या एका पद्धतीत लिहिता येतो, मी तसा लिहिला होता, आणि गाडीला ती आवृत्ती कुणी शिकवलेलीच नव्हती; ती प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन तुकडे करून तीन रोमन अक्षरं म्हणून वाचत होती. २.३ आवृत्तीत यूटीएफ-१६ ही दुसरी पद्धत वापरून पुन्हा भरलं. आता ए गेले आणि चौकोन आले. म्हणजे गाडीला अक्षरं कळली होती, पण काढायला फॉन्ट नव्हता. एक बाजू संपून दुसरी लागली की नऊ चौकोनांच्या जागी सात चौकोन दिसायचे. आई म्हणाली, “भरतकामाचं पुस्तक आहे का हे?”

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा सेंटरवाल्याने सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं. त्यात फॉन्ट आला! आनंदाने मी पार्किंगमध्येच लावून बघितलं. ‘शिवरंजनी’च्या जागी ‘शविरंजनी’. ‘ललित’चं ‘ललति’. जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त लटकलेले. पहिली वेलांटी लिहिताना आपण अक्षराच्या आधी काढतो, पण कॉम्प्युटरच्या साठवणीत ती अक्षरानंतर येते; दाखवताना तिला उचलून अलीकडे आणावं लागतं. फॉन्ट असून भागत नाही, हे उचलून ठेवणारंही कुणीतरी लागतं. माझ्या गाडीत ते नाही, त्यामुळे वेलांटी आपली पुढच्या अक्षरावर छत्री धरून उभी. आईला ‘बिहाग’ दाखवला. तिने चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, “हा बहिाग कुठला राग?”

आणि कलाकार या रकान्यात लिहायचं काय? ख्यालाला गायकाचं नाव. पण संगत कुणाची, ते आमच्या घरात गायकाइतकंच महत्त्वाचं, आणि त्याला रकाना नाही. आरतीला चौदाजण आणि एक झांज. मी प्रत्येकाचं वेगळं नाव भरलं, तर गाडीने एका गणपतीचे नऊ अल्बम केले. ‘अल्बमचा कलाकार’ असा एक वेगळा रकाना यासाठीच असतो, तो भरला. गाडीने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. प्रकाराच्या रकान्यात कीर्तनं ‘ब्लूज’ म्हणून दिसत होती. मी थोडी हसले, मग शोधलं. सगळ्यात जुन्या चिठ्ठीत प्रकार शब्दाने लिहीत नसत, नंबरने लिहीत, आणि शून्य नंबर म्हणजे ब्लूज. माझ्या कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरने रिकाम्या जागी शून्य ठेवलेला. त्याहून कहर म्हणजे चित्र. ज्या फाइलींत चिठ्ठी रिकामी होती, त्यांना गाडी स्वतःच्या साठ्यातून अंदाजाने एखादं कव्हर चिकटवत होती. आत्या दळत होती, आणि स्क्रीनवर उघडी छाती आणि गिटार घेतलेले चार गोरे तरुण.

“हे कोण?” आईने विचारलं.

“जात्याला मदत करायला आलेत.”

तीन आठवड्यांनी मी सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या करून टाकल्या आणि गाडीच्या सेटिंगमध्ये चित्रं बंद केली. उरले फक्त फोल्डर, ००१ ते १६४, आणि प्रत्येकात ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाजू. कुठल्या फोल्डरात काय, याचं उत्तर घरात चाळीस वर्षं पडलेलंच होतं. नानांची दोनशेपानी वही. डाव्या समासात नंबर, मग तारीख, स्थळ, गायक, राग, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: ‘उत्तम’, ‘बरे’, ‘११ मि. नंतर वीज गेली’, ‘कुत्रे’. गाडी निघाली की आई ती वही मांडीवर घेते. “छप्पन्न लाव. बी.” असं म्हणते. म्हणते म्हणजे स्वतःच लावते, कारण चालवताना १६४ फोल्डरांची यादी बोटाने सरकवणं मला जमत नाही आणि ते मी करूही नये. जुन्या गाडीतलं गोल बटण न बघता फिरवता यायचं, इथे सगळं काचेवर.

आईचं बोट मात्र काचेला कळायचं नाही. ती दाबायची, ठोकायची, नखाने टोचायची, काच ढिम्म. ऐंशीच्या पुढे बोटांची कातडी इतकी कोरडी होते की असल्या स्क्रीनला ते बोट आहे हेच उमगत नाही. एकदा तिने सवयीने, वहीचं पान उलटायला, बोट जिभेला लावलं आणि त्याच ओल्या बोटाने स्क्रीनला हात लावला. लागलं छप्पन्न! आता तिची तीच रीत आहे. जीभ, वही, जीभ, गाडी. स्क्रीनवर दर रविवारी मी फडकं मारते.

तुकड्यांचा प्रश्न वेगळाच. सुरुवातीला मी काही मैफली संथ विलंबित आणि जलद द्रुत अशा दोन फाइलींत कापल्या होत्या, म्हणजे द्रुत शोधायला सोपी. पण विलंबिताची शेवटची तिहाई संपून समेवर येताच द्रुत उचलली जाते, श्वासही न घेता, आणि गाडी तिथे सेकंद-दीड सेकंद गप्प बसते. एमपीथ्री २६ मिलिसेकंदांच्या डब्यांत भरली जाते. शेवटचा डबा अर्धवट राहिला की त्यात शांतता कोंबतात, सुरुवातीलाही थोडी असते. किती कोंबली त्याची नोंद फाइलीत राहते आणि शहाणा प्लेअर तेवढी कापून वाजवतो. गाडी कापत तर नाहीच, वर पुढची फाइल उघडायला स्वतःचा वेळ घेते. समेवर पाय टाकायला जावं आणि जिन्याला पायरीच नसावी, तसं होतं. शेवटी ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे तुकडे परत जोडून एका बाजूची एक फाइल केली. आता द्रुत शोधायची तर पंचेचाळीस मिनिटांच्या पट्टीवर बोट ठेवायचं आणि नशीब आजमवायचं, पण तसं तर कॅसेटवरही होतंच. नानांनी उलटताना पाडलेली भोकं मी जोडली नाहीत. ती गाडीची नाहीत, आमची आहेत.

राहिला एक छळ. गाडी बंद करून परत चालू केली की ती कुठे होतो ते विसरते. नेहमी नाही; कधी जेवायला थांबलात तरी आठवतं, कधी पाच मिनिटं थांबलात तरी विसरते. अपडेटच्या आधी हे होत नव्हतं. विसरली की यादीतली पहिली फाइल. आणि पहिली फाइल म्हणजे ००१ ए, दिवाळी १९८३, टू-इन-वन खोक्यातून काढल्याच्या दिवशीची. नाना माइक तपासतायत:

“हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. अगं, दिवा लागलाय का बघ.”

आणि लांबून, स्वयंपाकघरातून, सत्तेचाळीस किलोची, चाळीस वर्षांनी तरुण आई: “लागलाय. पण तांबडा आहे.”

“तांबडाच लागायला हवा!”

पहिल्या वेळी आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. दहाव्या वेळी नाही. पेट्रोल भरलं, हॅलो हॅलो. दवाखान्यातून निघालो, दिवा लागलाय का. ऑफिसातली एक बाई माझ्याबरोबर आली होती, ती घाबरून मागच्या सीटकडे वळून बघायला लागली.

माझ्यासारखे बरेच आहेत हे शोधल्यावर कळलं. फोन गाडीला जोडला की अकारविल्ह्याने पहिलं गाणं आपोआप सुरू होतं, या जाचाला कंटाळून २०१७ मध्ये अमेरिकेत एकाने सुमारे दहा मिनिटांची निव्वळ शांतता विकायला ठेवली होती, नावाच्या सुरुवातीला रोमन ए ची रांग लावून. लोकांनी ती पैसे देऊन घेतली. मी फुकटात केली. तीस सेकंदांची कोरी फाइल, नाव ०००. सगळ्यात पहिला पाट तिला. तीस सेकंदांत आईला हवा तो नंबर लावता येतो.

पावसाळा संपल्यावर श्रीवर्धनला निघालो. पौडला पेट्रोल भरलं. मुळशीचं पाणी दिसायला लागलं तशी फोनची रेंज गेली, ती ताम्हिणी उतरून निजामपूर येईपर्यंत यायची नव्हती. आमच्या पुढच्या गाडीतली मुलं सनरूफमधून फोन वर धरून रेंज शोधत होती. आम्हाला तिचं काही पडलेलं नव्हतं. आईने वही उघडली, पण नंबर काही सांगेना. नुसती स्क्रीनकडे बघत बसली.

“बिघडलं का गं पुन्हा?”

“नाही. काय लावू?”

“पंपावरून निघालो, तर बोलले नाहीत.”

मी तिला ०००ची हुशारी समजावून सांगितली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, “छान केलंस. सतरा लाव,” आणि सतरा ऐकलं, माणगावपर्यंत. म्हसळ्याला चहाला उतरलो तेव्हा मी लॅपटॉप बरोबर आणला असता तर तिथेच केलं असतं. ते रात्री आत्याच्या घरी, आत्येभावाच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर केलं. ००० पुसली. तिचा पाट रिकामा झाला. खबरदारी म्हणून सगळी यादी पुन्हा लावून घेतली, दोनदा तपासली. सकाळी देवळात जायला गाडी सुरू केली.

“अगं, दिवा लागलाय का बघ.”

“लागलाय,” आई पट्टा ओढत म्हणाली.

सध्या एकंदर असं चाललंय: दोन पेनड्राइव्ह, दोन्ही ३२ जीबीचे, दोन्ही सारखे, एक खाचेत, एक कप्प्यात, कारण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत पहिला एक मेला. कप्प्यातल्याला ओळखीसाठी लाल दोरा. कॅसेट ८८ बी कधीकधी मध्येच दोन तास लांबीची असल्याचं दाखवते. ती मी बदलत्या बिटरेटने केली होती, ती परत करायची आहे. वहीची झेरॉक्स काढून घेतली आहे, कारण जिभेच्या ओल्या बोटांनी मूळ वहीचे कोपरे जायला लागले होते. आईला झेरॉक्स आवडत नाही.

पुढच्या महिन्यात दुसरं सर्व्हिसिंग. सेंटरवरून आत्ताच मेसेज आला, नवं सॉफ्टवेअर आलंय म्हणून. ऑइल बदला, ब्रेक बघा, सॉफ्टवेअरला हात लावू नका, असं जॉब कार्डवर लिहून घेणार आहे आणि त्याखाली सही.